उलटं सारवण

१

सारवायचं कसं हे रंगूबाईला कुणी शिकवायला नको होतं. शेणात माती कालवायची, पाणी बेताचं घालायचं, आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची. उकिडवं बसून हाताचा अर्धगोल फिरवत मागे मागे सरकायचं. पाण्याचं मडकंही आपल्याबरोबर मागे ओढायचं आणि शेवटचा हात उंबऱ्याबाहेर बसून मारायचा. ओल्या जमिनीवर पाऊल पडता कामा नये, म्हणून सारवणाऱ्या बाईची पाठ नेहमी दाराकडे. डोंबिवलीच्या खाडीकडच्या त्या गावात नाक पुसता न येणाऱ्या पोरीलाही एवढं समजत होतं.

तुळसाला समजत नव्हतं. तुळसा म्हणजे रंगूबाईची धाकटी जाऊ. आईवेगळी पोर, बाप भिवा शहाडचा होडीवाला. तिचं अर्धं लहानपण होडीतच गेलेलं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं दारापासून सारवायला घेतलं आणि आत आत जात कोपऱ्यात अडकून बसली. पुढे सगळी ओली जमीन, मागे भिंत, आणि ही हातातलं शेण घेऊन मुसुमुसू रडतेय. तेवढ्यात तिचा नवरा गणू आगरावरून, म्हणजे मिठागरावरून, आला. त्यानं मिठानं भरलेले पाय ओल्या सारवणात घातले, तिला पाठीवर घेतलं आणि बाहेर आणून सोडलं. रंगूबाई आधी ओरडली, मग पोट धरधरून हसली. गणूची ती पावलं पुढं कितीतरी दिवस जमिनीवर दिसत होती.

गणू असाच होता. रंगूबाई सून म्हणून या घरात आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. दीर कसला, पोरगाच तिचा. त्याचा थोरला भाऊ महिपत, म्हणजे रंगूबाईचा नवरा, नेमका उलटा. मिठागरावर मुकादम, आणि तोंडाआधी हात चालणारा. रंगूबाईच्या उजव्या हाताची करंगळी त्यानं एकदा पाट फेकून मारला तेव्हा मोडली, ती पुन्हा सरळ झाली नाही. त्या काळी असल्या गोष्टीला गावात वेगळं नाव नव्हतं. पाऊस पडतो, नवरा मारतो, एवढंच.

रंगूबाईची दोन मुलं पोटातच गेली होती. त्यातलं दुसरं कसं गेलं, हे तिला आणि महिपतीला ठाऊक होतं.

म्हणून तुळसाला दिवस गेल्यावर तिनं नवऱ्यामागे टुमणं लावलं, वाडीतली खोप साफ करून पोरांना राहायला द्या. घर दोन खणांचं, मध्ये नुसता कुडाचा आडोसा, जागा पुरत नाही हे कारण खरंच होतं. पण तिच्या मनातलं खरं कारण एकच होतं. हे पोर महिपतीच्या हाताच्या टप्प्याबाहेर वाढलं पाहिजे.

२

खोप वाडीच्या टोकाला, केळींच्या मागे. कुदळी, टोपल्या, फाटकी जाळी, पावसाळ्यासाठी साठवलेल्या शेणी, असला पसारा तिच्यात. भिंती कुडाच्या, वर नळीची कौलं, आणि छप्पर इतकं बुटकं की ताठ उभं राहिलं तर वासा डोक्याला लागे. कुणीही छप्पर वर उचललं असतं. पण महिपत पडला आगरातला माणूस. खणणं आणि चोपणं हा त्याचा हातचा मळ.

"छपराला कशाला हात लावाचा?" तो म्हणाला. "जमीनच खाली घेव."

राहत्या घराचं जोतं वर असतं, खाली असतं ते मिठागर, हे त्याला कोण सांगणार? दोघे भाऊ खणायला लागले. हातभर खाली गेल्यावर गणूची कुदळ टणकन परत आली.

"दगड लागला काय रं?"

"दगड नाय दादूस. जमीन हाय."

वरची माती झाडून काढली, तर खाली खरंच जमीन होती. चोपून घट्ट केलेली, वर सारवलेली. सारवण अजून हिरवट होतं. महिपत खूश झाला. आयती जमीन मिळाली, मेहनत वाचली.

"आयत्या बिळान नागोबा," रंगूबाई हसून म्हणाली आणि खाली उतरली.

खाली उतरल्यावर मात्र तिचं हसू मावळलं. सारवणाचे अर्धगोल दारापासून सुरू होऊन आतल्या कोपऱ्याकडे गेले होते. ज्या बाईनं ही जमीन सारवली तिची पाठ कोपऱ्याकडे होती. कोपऱ्यात उकिडव्या बसलेल्या एका बाईपुरती जागा कोरी राहिली होती, आणि त्या जागेवर एक चोपणं पालथं पडलं होतं. चोपणं म्हणजे जमीन बडवायची लाकडी थापी, मूठ असलेली. आगरात घरोघरी असते. ही जुनी होती, काळी पडलेली, नेहमीपेक्षा जड.

"असलं लाकूड आता मिलत नाय," महिपत ते हातात तोलत म्हणाला.

रंगूबाई खोपीला वळसा घालून मागे गेली. तो कोपरा बाहेरून एका जुन्या भेंडीच्या झाडाच्या बुंध्याला टेकला होता. तिथं दार असायला जागा नव्हती. असेल, झाडाच्या आधी असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि पुन्हा आत येऊन सारवणाकडे वाकून पाहिलं. प्रत्येक अर्धगोलात तीनच बोटांच्या रेघा होत्या. करंगळीची रेघ नव्हती.

रंगूबाईनं आपला उजवा हात पदराखाली घेतला. असली करंगळी गावात आपल्या एकटीचीच नव्हती तर, एवढंच तिला वाटलं, आणि त्या कोण कुठल्या बाईबद्दल तिचा जीव कळवळला.

३

दिवाळी सरल्यावर गणू-तुळसा खोपीत राहायला गेली. बाहेरून दोन पायऱ्या खाली उतरायचं, की आत गार. रंगूबाईनं स्वतः खोली सारवून दिली, रीतीप्रमाणे, कोपऱ्यापासून दारापर्यंत.

दुसऱ्या सकाळी ती ताक घेऊन गेली तर अर्धगोल फिरलेले. दारापासून कोपऱ्याकडे.

"परत उलटं सारवलंस काय गो?"

"मी हात पन नाय लावला, बाय," तुळसा म्हणाली. तिचे हात स्वच्छ होते, नखांतसुद्धा शेण नव्हतं.

आपल्याच डोळ्यांवर उजेडाचा खेळ झाला असेल, असं रंगूबाईनं ठरवलं. सारवण कुठून पाहतो त्यावर ते फिरल्यासारखं दिसतंही. तिनं पुन्हा सारवलं. पुन्हा फिरलं. मग तिनं तिकडे बघायचंच सोडून दिलं, कारण घरात कामं का कमी होती?

एका दुपारी ती मागच्या अंगणात मासळी वाळत घालत होती. पुरुष आगरावर गेलेले, तुळसा पाण्याला. कल्याणहून सुटलेल्या आगगाडीची शिट्टी खाडीवरून येऊन विरली, आणि ती विरल्यावर मागे दुसरा आवाज उरला. थप. थप. थप. जमीन चोपल्याचा, सावकाश, एका तालात. खोपीतून.

ती गेली तोवर आवाज थांबला होता. आत कुणी नव्हतं. कोपऱ्यात त्यांचा कुत्रा पडला होता. पडला होता म्हणणंही बरोबर नाही. तो जमिनीत चोपलेला होता. हाडं, कातडं, सगळं एकाच पातळीवर, आणि कडा हातानं नीट दाबून घेतलेल्या. चोपणं शेजारी भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि त्याच्यावरून थेंब गळत होते.

रंगूबाईनं पायरीवरूनच मागे पाऊल घेतलं.

महिपतीचंच काम, हा तिचा पहिला विचार. सकाळीच कुत्र्यानं बोंबील पळवला म्हणून त्यानं शिव्या घातल्या होत्या. पण महिपत दिवसभर आगर सोडून हलला नव्हता. हललं होतं ते दुसरंच माणूस. संध्याकाळी गणू हात धुवायला बसला तेव्हा रंगूबाईनं पाहिलं, त्याच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. जन्मभर मीठ ओढणाऱ्या माणसाचे तळवे. त्यांना फोड यायला काय आणि किती वेळ बडवावं लागेल?

"दुपारी घरी आल्तास काय रं?"

"मी? नाय, वयनी," गणू म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याचं खोटं तिला लहानपणापासून ओळखू येत होतं.

४

पौषात तुळसाच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. मग पाठीवर.

"परले," तुळसा म्हणाली.

रंगूबाई काय, माराच्या बाबतीत शिकलेली बाई. हाताचा वळ वेगळा, काठीचा वेगळा, पडल्याचा वेगळा. हा डाग चौकोनी होता, कडा सरळ.

ती तशीच पदर खोचून आगरावर गेली. गणू वाफ्याचा तळ चोपत होता. नव्या हंगामात वाफे बडवून टणक करतात, नाहीतर पाणी मुरतं आणि मीठ धरत नाही. ती समोर जाऊन उभी राहिली.

"तुला मी असला वाढवला काय? पोटुशी बायको मारतोस?"

गणूनं मान वर केली. त्याचे डोळे न झोपलेल्या माणसासारखे झाले होते.

"मी कंदी मारली?"

"तिच्या पाठीवरचं कुनी केलं मंग?"

"वयनी, ती जमीन बसत नाय," तो हळूच म्हणाला. दादूसनं ऐकू नये अशा बेतानं. "कोपऱ्यान फुगते. मी चोपतंय, ती खाली जाते. जरा पाठ फिरवली का परत वर येते. लई चोपली काल."

"आनि तुळसा कुठं होती तेव्हा?"

त्यानं विचार केला. खरोखर आठवायचा प्रयत्न केला. मग त्याचा चेहरा रडवेला झाला. "तुळसा? तुळसा खोलीन नव्हतीच, वयनी."

 रंगूबाई जवळजवळ धावतच परत आली. तुळसाला तिनं थोरल्या घरात बसवलं आणि एकटी खोपीत उतरली. भर दुपार होती, दारातून ऊन आत आलं होतं. कोपऱ्यातली जमीन खरंच वर आली होती. पालथ्या टोपलीएवढा फुगवटा, वर सारवण ताणून बसलेलं, कुठं भेगसुद्धा नाही.

खालून ओल असेल. उन्हानं माती फुगते. ती स्वतःला समजावत वाकली आणि तिनं तळहात टेकवला.

माती कोमट होती. आणि खालून काहीतरी तिच्या तळव्याखाली सरकलं, इकडून तिकडे. तुळसाच्या पोटावर हात ठेवला की सरकायचं तसं. तिच्या स्वतःच्या पोटात एके काळी सरकलं होतं तसं.

ती घाबरली, हे तर खरंच. पण त्याहून वाईट म्हणजे तिला तिथून हात उचलवेना.

५

त्या संध्याकाळी तिनं महिपतीसमोर विषय काढला. तुळसाला बापाकडे शहाडला धाडा, तिची आत्या आहे तिथं.

"सातवा लागल्याबिगर नाय. लोक काय बोलतील?"

"लोक गेले खड्ड्यान. पोर वाचली पायजे."

त्यावर त्यानं तिच्या कानशिलात मारली, आणि विषय संपला. त्याच्या लेखी संपला. रंगूबाईनं दुसऱ्याच दिवशी बंदरावर मिठाची होडी भरणाऱ्या भिवाला गाठलं. परवा दुपारच्या भरतीला होडी खाडीच्या वळणावर लाव, लेक घेऊन जा, कारण मला विचारू नकोस, असं तिनं बजावलं. भिवानं तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं आणि होकार दिला.

ठरल्या दुपारी पुरुष आगरावर गेले. तुळसा लुगडी घ्यायला म्हणून खोपीकडे गेली आणि आलीच नाही. भरतीचं पाणी चढत होतं. शेवटी रंगूबाई तिला हाक मारायला निघाली, तर केळींतूनच तिला गणूची पाठ दिसली. तो खोपीच्या दारात उभा होता. हातात ते काळं चोपणं.

त्याच्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं.

तुळसा कोपऱ्यात उकिडवी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले, तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. तिच्यासमोर सगळी जमीन ओली, नुकती सारवलेली, आणि प्रत्येक अर्धगोलात तीनच रेघा. तुळसाच्या हाताची सगळी बोटं धड होती.

"फुगली बघ," गणू म्हणाला. तुळसाच्या पोटाकडे बघत होता तो. त्याच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. काम संपत नाही म्हणून येतो तसा. "आज बसवतंयच."

"गणू!"

तो पायऱ्या उतरला. रंगूबाई मागून त्याच्या गळ्यातच पडली. त्यानं न बघता चोपणं मागे फिरवलं, ते तिच्या खांद्याच्या हाडावर बसलं, आणि आत काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं. ती ओल्या जमिनीवर आपटली. तोवर त्यानं पहिला घाव घातला होता. तुळसानं पोट वाचवायला गुडघे वर घेतले होते, घाव गुडघ्यावर बसला. तिची किंकाळी तेव्हा फुटली.

त्यानं पुन्हा हात उचलला. रंगूबाईनं चालत्या हातानं त्याचा पाय ओढला. तो तोंडावर आला, चोपणं सुटलं आणि घरंगळत तिच्या हाताशी आलं. मूठ तिच्या मुठीत अशी बसली, जणू मोडकी करंगळी धरूनच ती घडवली होती.

तिनं मारलं. एकदा, त्याच्या कानामागे. हा आपला गणू आहे, तापात आपल्या मांडीवर झोपायचा, हे सगळं तिला त्या क्षणी स्पष्ट आठवत होतं. तो एका घावातच निपचित पडला होता. तरी तिनं पुन्हा मारलं. थप. पुन्हा. थांबायला पाहिजे हे तिला कळत होतं आणि हात थांबत नव्हता. उंचवटा होता, तो सपाट व्हायला हवा होता, एवढंच कुठून तरी तिच्या डोक्यात येत होतं.

"बाय!" तुळसा ओरडली. "बाय, बस करा!"

तिनं चोपणं टाकलं. आणि तेव्हा तिनं पाहिलं. तुळसाच्या पाठीमागे, भिंत आणि जमीन मिळते तिथून, एक हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत. बाईचा, बारीक, मातीच्याच रंगाचा. तो गणूच्या डोक्याखालून वाहत आलेलं रक्त सारवत होता. अर्धगोल, मग दुसरा अर्धगोल, घाई नाही. करंगळी तेवढी वर उचललेली.

पुढचं बघायला ती थांबली नाही. मोडला खांदा, तरी तिनं तुळसाला पाठीवर घेतलं आणि ओल्या जमिनीवरून, पायऱ्या चढून, केळींतून, खाडीपर्यंत नेलं. भिवानं लेकीला होडीत उचलून घेतलं. पाणी उतरायला लागण्याआधी होडी कल्याणच्या दिशेनं वळली, आणि रंगूबाई चिखलात बसून धाय मोकलून रडली.

६

खोपीचा कूड अंगावर कोसळून गणू गेला, असं पाटलाला सांगितलं. महिपतीला तिनं खरं सांगितलं. मी मारला, म्हणाली. मला मारून टाक, असंही म्हणाली.

महिपतीनं तिला मारलं नाही. त्यानं खोप पाडली, खड्ड्यात ते चोपणं फेकलं आणि वरून माती लोटली. रंगूबाईनं ते मातीखाली जाताना डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्यानं तिच्यावर हात उचलला नाही की आवाज चढवला नाही. शेजारणी म्हणाल्या, भावाच्या दुःखानं निवळला बिचारा. रंगूबाईला मात्र त्या निवळण्याची भीती वाटायची. तो जेवता जेवता थांबायचा आणि जमिनीकडे बघत राहायचा.

चैत्रात भिवा निरोप घेऊन आला. तुळसा मोकळी झाली. पाय अधू राहिला, पण मुलगी ठणठणीत आहे, रडते केवढी, घर डोक्यावर घेते. तुळसा म्हणते, पोरीचं नाव तुम्हीच सांगा. रंगूबाईनं पदर तोंडावर धरला. जन्मात कधी झाला नव्हता इतका आनंद तिला झाला. पोर जगली होती, या घराच्या टप्प्याबाहेर होती, आणि ते तिनं केलं होतं. केलं त्याची किंमत तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती?

दुसऱ्या दिवशी तिनं घर सारवायला काढलं. मनात नावंच नावं येत होती. गोदा ठेवावं की शेवंती? शेवंती बरं, आपल्या आईचं नाव होतं. हात आपोआप फिरत होता, लहानपणापासून फिरत आला तसा. पोरीला मोठी झाल्यावर सारवायला आपण शिकवू, आई शिकवायची नाही, तिला येत कुठं होतं? या विचारानं तिला कितीतरी दिवसांनी हसू आलं.

आणि तिची पाठ भिंतीला टेकली.

थंड भिंत. दोन भिंती, कोपऱ्याच्या. रंगूबाईनं मान वर केली. समोर सगळी जमीन ओली चकाकत होती, दारापासून थेट तिच्या पायांपर्यंत, आणि प्रत्येक अर्धगोलात तीन रेघा. पाण्याचं मडकं उंबऱ्याशीच राहिलं होतं.

दारातला उजेड कमी झाला. महिपत आत आला होता. त्याच्या हातातल्या काळ्या लाकडावरून सुकी माती झडत होती. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या पायांशी, कोपऱ्याकडे बघत होता.

"हालू नको, अगो," तो समजुतीनं म्हणाला. एवढं गोड तो तिच्याशी लग्न झाल्यापासून कधी बोलला नव्हता.

रंगूबाईनं दाराकडे पाहिलं. ओल्या सारवणात मिठाचे पाय घालून तिला पाठीवर न्यायला येईल असं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते तिनंच जमिनीत बसवलं होतं.